कलमबाईंची हरकत

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझं टेबल कलमबाईंच्या टेबलाला लागून होतं. मध्ये एक लोखंडी कपाट, तेही त्यांच्याच बाजूला उघडणारं. सतरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. त्यामुळे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि निम्मं त्यांनीच नंतर कधी जिन्यात, कधी चहा घेताना, थोडं थोडं करून सांगितलेलं.

कलमबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विद्यापीठाचा कायदा, रजेचे नियम, बढतीचे नियम, सगळं त्यांना कलमासकट पाठ. कुणी बिचकत विचारलं, "बाई, मला रजा मिळेल का हो?" की उत्तर यायचं, "मिळेल का म्हणजे? मिळायलाच हवी. कलम बावीस, पोटकलम तीन." शिवाय हातात कायम काळ्या शाईचं पेन. समोर अर्ज आला की आधी त्यातले अनुस्वार दुरुस्त व्हायचे, मजकूर मागाहून. एकदा तर खुद्द कुलसचिवांच्या सहीचं परिपत्रक त्यांनी सात चुकांना गोल करून परत पाठवलं होतं. परिपत्रक दुसऱ्या दिवशी सुधारून आलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव पक्कं झालं.

लोक त्यांना घाबरायचे आणि अडलं की त्यांच्याकडेच यायचे. भांडारात उन्हाळ्यात माणसं उकडून निघत होती, तेव्हा पंख्यांसाठीचं पत्र कलमबाईंनी लिहिलं. प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना हातमोजे मिळवून दिले ते त्यांच्याच पत्राने. पण बाईंचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे ते अकरा पानी निवेदन. नियामक मंडळ, म्हणजे विद्यापीठाचे सगळे मोठे निर्णय घेणारी समिती. तिच्यावर प्राध्यापकांचे प्रतिनिधी निवडून जातात, मग कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत, खानावळीत राबणाऱ्या आमच्यासारख्यांचा एक तरी का नको? एवढीच मागणी होती. तीनशे सह्या जमल्या, निवेदन वर गेलं आणि सात वर्षं कुठल्या तरी कपाटात पडून राहिलं.

आता त्यांच्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. दोघींची घरं एकाच इमारतीत, थोरलीचं खाली, धाकटीचं वर. सासरे थोरलीकडे राहायचे, पण सकाळ-संध्याकाळचा चहा प्यायला काठी टेकत वर जायचे. "तिच्या चहाला काय सोनं लागलंय?" असं बाई मला अधूनमधून विचारायच्या. धाकटीला नोकरी लावली ती बाईंनीच. जाहिरात त्यांनी दाखवली, अर्ज त्यांनी लिहून घेतला, टायपिंग स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. धाकटीची नेमणूक झाली चौकशीच्या खिडकीवर, आणि बारा वर्षं ती तिथेच होती. सगळं विद्यापीठ तिला खिडकीताई म्हणायचं. नियम तिला फारसे ठाऊक नव्हते. पण कुणाच्या मुलीला परीक्षेत कमी मार्क पडले, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन आहे, कोणता माळी कधीपासून लंगडतोय, हे तिला बरोबर माहीत असायचं. "थांबा हं, ताईंना विचारून सांगते," म्हणायची आणि धावत आमच्या विभागात यायची. उत्तर ताईंचं असायचं, धन्यवाद खिडकीला मिळायचे. बाईंना हे खुपतं हे मला दिसायचं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मग एका सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. कायद्यात दुरुस्ती झाली होती. नियामक मंडळावर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, मतदानाने, चार वर्षांसाठी. अर्ज भरायची मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत.

बाईंनी तो कागद उभ्याने दोनदा वाचला. चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हसतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "'शिक्षकेतर' एका शब्दात हवं होतं. दोन केलेत."

त्या दिवशी जो तो म्हणत होता, "आता बाईच. दुसरं कोण?" बाई मान खाली घालून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत होत्या, पण कान सगळे तिकडेच होते. मी म्हटलं, "भरा ना अर्ज."

"मी कशाला भरू? लोकांना हवं असेल तर येतील विचारायला."

हाच त्यांचा स्वभाव. सव्वीस वर्षांत त्या कुणाच्या टेबलाशी गेल्या नव्हत्या, लोक त्यांच्या टेबलाशी आले होते. त्यांना वाटलं, ग्रंथालयातले येतील, खानावळीतले येतील, दाराशी घोळका उभा राहील, आपण दोनदा नाही म्हणू आणि तिसऱ्यांदा हो म्हणू. मंगळवारी कुणी आलं नाही. लोक धरून चालले होते की बाईंनी अर्ज भरलाच असेल, विचारायचं काय त्यात?

मंगळवारी संध्याकाळी धाकटी मात्र खाली आली. बाई भांडी पुसत होत्या.

"ताई, तुम्ही उभ्या राहताय ना?"

"छे. मला नाही असली हौस."

"खरंच?"

"सांगितलं ना एकदा."

धाकटी थोडा वेळ ओट्याशी घुटमळली. "कुणीतरी उभं राहायला हवं. नाहीतर तो सावली जाईल बिनविरोध."

सावली म्हणजे मिळकत विभागाचे अधीक्षक. कुलसचिवांच्या मागे कायम अर्ध्या पावलावर चालायचे, म्हणून हे नाव. त्यांनी सोमवारीच अर्ज भरला होता.

"मग राहील कुणीतरी उभं," बाई म्हणाल्या आणि ताट जरा जोरातच ठेवलं.

गुरुवारी संध्याकाळी आलेल्या अर्जांची यादी फलकावर लागली. दोनच नावं. सावली आणि खिडकीताई.

बाई यादीसमोर किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. परत आल्या तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. "बघितलंस?" म्हणाल्या. "माझ्या निवेदनाने जागा झाली. माझ्या! आणि बसणार कोण, तर जिला 'निवेदन' लिहिता येत नव्हतं ती. पहिल्या वर्षी 'न'ला दीर्घ वेलांटी देत होती."

"पण बाई, तुम्हीच तिला नाही म्हणालात."

"तिने एकदाच विचारलं!"

त्यांचा नुसता जळफळाट झाला होता. त्यांनी नंतर मला सांगितलं की त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येत होता, सासऱ्यांचाही, आणि त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. तरी ऐकू येत होतंच, मग ऐकत बसल्या.

अजून एक दिवस होता. त्यांना स्वतःचा अर्ज भरता आला असता. मी शुक्रवारी सकाळी तसं म्हटलंही. "जावेविरुद्ध उभी राहू? आणि हरले तर?" एवढं बोलून त्यांनी मतदारयादी समोर ओढली. ती यादी त्यांनीच तयार केली होती, प्रत्येकाच्या नेमणुकीच्या तारखेसकट. धाकटीच्या अर्जावर अनुमोदक म्हणून एका माळ्याची सही होती. नियम असा की सूचक आणि अनुमोदक दोघांची कायम नोकरी तीन वर्षांची हवी. माळ्याची भरत होती दोन वर्षं अकरा महिने. हे विद्यापीठात फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

बाईंनी हरकतीचा अर्ज लिहिला. चारच ओळी. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप केला. खाली सही केली नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो निवडणूक कार्यालयाच्या पेटीत टाकला आणि परत येऊन डबा न उघडताच ठेवून दिला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याच दुपारी काय केलं तेही सांगते. चार वाजता बाई उत्तरपत्रिका आणायला भांडारात गेल्या होत्या, तेव्हा धाकटी आमच्या विभागात आली. हातात दुसरा उमेदवारी अर्ज. "ताईंनीच शिकवलंय, महत्त्वाचा अर्ज कधी एकच करू नये," ती म्हणाली. "एक राहिलाच तर दुसरा असतो. अनुमोदक म्हणून सही कराल?" मी दाराकडे बघितलं, आणि केली. बाईंना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

सोमवारी अकरा वाजता छाननी. उपकुलसचिव निवडणूक अधिकारी होते. त्यांच्या डाव्या हाताला मतदारयादी घेऊन बाई, कारण यादी त्यांची. समोर दोन्ही उमेदवार, मागे आम्ही पंधरा-वीस जण.

"एक हरकत आली आहे," उपकुलसचिव म्हणाले, आणि त्यांनी वाचली. "'सदर अनुमोदकाची सेवा विहित कालावधीपेक्षा कमी असल्याने, प्रस्तुत अर्ज विचारात घेण्यास पात्र नाही. सबब, योग्य तो निर्णय व्हावा.' खाली सही नाही. कुणाची आहे ही?"

चार ओळींत एक अनुस्वार चुकला नव्हता आणि 'सबब'नंतर स्वल्पविराम होता. असा स्वल्पविराम आमच्या विद्यापीठात एकच माणूस द्यायचा. धाकटीने हळूच मान वळवून जावेकडे पाहिलं. बाई यादीत बघत होत्या.

"निनावी हरकत मला घेता येत नाही," उपकुलसचिव म्हणाले. "पण मुद्दा असेल तर तपासायला हवा. बाई, माळ्याची नोंद वाचा."

मला वाटतं तेव्हा त्यांना एक रस्ता होता. तारीख बदलून वाचली असती तरी कुणी पडताळून पाहिलं नसतं. पण यादीतली तारीख बदलून वाचणं त्यांच्याच्याने झालं नसतं, जावेसाठीही नाही आणि स्वतःची अब्रू झाकायलाही नाही. "दोन वर्षं अकरा महिने," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच.

सावली खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे हा अर्ज बाद," उपकुलसचिव म्हणाले. "दुसरा अर्ज आहे उमेदवाराचा. सूचक ग्रंथपाल. अनुमोदक..." आणि त्यांनी माझं नाव वाचलं.

बाईंनी मान वर केली. धाकटीकडे नाही, माझ्याकडे. चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "नोंद?" उपकुलसचिवांनी विचारलं. त्यांनी यादी न पाहताच सांगितलं, "चौदा वर्षं दोन महिने. पात्र." तेव्हा माझी तेवढीच नोकरी झाली होती, आणि दिवस विचारले असते तर बाईंनी तेही सांगितले असते.

बाहेर व्हरांड्यात धाकटी त्यांच्यासाठी थांबली होती. मी दोन पावलं मागे होते, मला निसटायला जागा नव्हती.

"ताई, ते पत्र तुमचं."

"हो."

"मला सांगायचं होतंत. मी अर्ज मागे घेतला असता. आत्तासुद्धा घेते."

"तेच नको होतं मला. तू सोडलेल्या जागेवर मी बसू?"

"मग काय हवं होतं?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मला कुणी विचारलं नाही," म्हणाल्या.

"मी विचारलं होतं."

"तू विचारलंस. बाकीच्यांनी नाही विचारलं."

धाकटी नेहमी हसणारी बाई. त्या दिवशी तिचा आवाज चढला. "बाकीच्यांना वाटलं तुम्ही भरलाच असेल अर्ज! तुम्ही कधी कुणाला कळू देता का, काय हवंय ते? बारा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, हे ताईंनी सांगितलं, ते ताईंनी सांगितलं. आणि तुम्ही माझ्यावर निनावी पत्र टाकता. सही तरी करायची!"

ती निघून गेली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. चोरून सही करतेस?" मी म्हटलं, "तुम्हीही चोरूनच लिहिलंत." त्यानंतर आम्ही दोन आठवडे कामापुरतंच बोललो.

धाकटीने माघार घेतली नाही. मतदान झालं. मतपत्रिका फाडून द्यायला बाईच बसल्या होत्या; प्रत्येकाची ओळख पटवून, क्रमांक लिहून, एकही चूक नाही. धाकटी मत द्यायला आली तेव्हा तिचंही ओळखपत्र मागितलं. तिने मुकाट्याने दाखवलं. मोजणीत धाकटीला दोनशे चौदा, सावलीला एकशे एकोणसत्तर, पाच बाद. चारांवर चुकीच्या खुणा होत्या, एक कोरी होती. कोरी आपली, हे बाईंनी मला वर्षभराने सांगितलं. "सावलीला द्यायला हात धजेना आणि तिला द्यायला मन. तशीच घडी घालून टाकली."

घरी दोघी बोलत नव्हत्या. निरोप सासऱ्यांमार्फत जायचे आणि म्हातारे त्यात स्वतःची भर घालायचे. पहिल्या बैठकीनंतर धाकटी डोळे सुजवून घरी आली. तिने खानावळीतल्या बायकांच्या कामाच्या पाळ्यांबद्दल प्रश्न विचारला होता, आणि कुणीतरी कलम फेकून तिला दोन वाक्यांत खाली बसवलं होतं. सासऱ्यांनी हे खाली येऊन सांगितलं तेव्हा बाईंना काय वाटलं? त्या मला म्हणाल्या, "बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आत कुठेतरी गार वाटलं. आणि त्यांनी चुकीचं कलम सांगितलं होतं, हेही लगेच लक्षात आलं."

दुसऱ्या बैठकीच्या आठवडाभर आधी सासरे चहा पिऊन आले ते काखेत जाडजूड विषयपत्रिका घेऊनच.

"तिने पाठवली?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी उचलून आणली. तिला कळत नाहीये, तुला कळेल. दोघी मिळून माझं डोकं खाऊ नका आता."

बाईंनी हात पुसले आणि ओट्याशीच उभ्याने पानं चाळली. सदतिसावा विषय: परीक्षा विभागातली पदं निवृत्तीने रिकामी झाली की यापुढे भरायची नाहीत, काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. तो वाचून त्या खाली बसल्या. स्वयंपाक सासऱ्यांनीच उरकला, म्हणजे बिघडवला. बाईंनी दोन पानं लिहिली. कोणती कलमं आड येतात, गुप्ततेचं काय, मागच्या कोणत्या ठरावाशी हे विसंगत आहे, सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौकशीच्या खिडकीवर गेल्या. समोर सहा विद्यार्थी होते. बाई सातव्या उभ्या राहिल्या. मी जिन्यातून बघत होते. नंबर आला तेव्हा त्यांनी कागद आत सरकवला.

धाकटीने वाचायला वेळ घेतला. मागची रांग चुळबुळ करू लागली. "हे तुमच्या नावाने वाचू?" तिने विचारलं.

"माझं नाव कशाला? प्रतिनिधी तू आहेस. तूच बोल." मग खिडकीशी वाकून, "तिसऱ्या मुद्द्यावर अडवतील. अडवलं तर कलम एकवीस सांग, आणि घाबरून भरभर बोलू नकोस. मागच्या खेपेला भरभर बोलली असशील."

"बोलले," धाकटी म्हणाली. मग कागदाच्या तळाशी बोट ठेवून, "सही नाही केलीत यावरही."

बाईंनी कागद परत घेतला, खाली सही केली, तारीख घातली आणि निघाल्या.

सदतिसावा विषय त्या बैठकीत पुढे ढकलला गेला आणि त्यापुढच्या बैठकीत मागे घेतला गेला. सगळीकडे धाकटीचा जयजयकार. ती बिचारी खिडकीत येईल त्याला सांगत होती की मुद्दे ताईंनी लिहून दिले. लोक काय म्हणाले, माहीत आहे? "किती मोठ्या मनाची बघा, श्रेयसुद्धा जावेला देते!" हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "म्हणजे यातही तीच मोठी?" मला हसू आवरेना, आणि मग त्याही हसल्या. त्या भांडणानंतर आम्ही दोघी एकत्र हसलो ते तेव्हाच.

पुढची तीन वर्षं प्रत्येक विषयपत्रिका आधी खाली यायची. धाकटी समोर बसायची, बाई मुद्दे काढायच्या, एकमेकींवर करवादायच्या. "तुला हे साधं कळत नाही?" "तुम्ही साधं सांगा ना मग!" खानावळीच्या पाळ्या बदलल्या. अनुमोदकासाठीची तीन वर्षांची अट दोनवर आली. ती दुरुस्ती बाईंनीच सुचवली, कारण काय ते मी विचारलं नाही.

मुदत संपायच्या वर्षभर आधी बाई निवृत्त झाल्या. पुढच्या निवडणुकीत त्यांना ना उभं राहता येणार होतं, ना मत देता येणार होतं. निरोपाच्या दिवशी धाकटी बोलली. ही जागा मुळात कुणाच्या अकरा पानांमुळे झाली ते तिने सांगितलं, भांडारातले पंखे, हातमोजे, सगळं सांगितलं, आणि खाली बसली. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

मी बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांच्या हातात फुलं, माझ्या हातात त्यांच्या टेबलावरच्या वस्तूंची पिशवी.

"चांगलं बोलली," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांत संपवलं. मी असते तर अर्धा तास घेतला असता आणि निम्मे उठून गेले असते."

"बाई, अजून वाटतं का तसं? तिच्याबद्दल?"

"वाटतं की. जाणार कुठे?" त्यांनी फुलं दुसऱ्या हातात घेतली. "टाळ्या वाजत होत्या ना, तेव्हाही वाटलं. माझ्यासाठी होत्या, तरी वाटलं, तिच्या बोलण्याला वाजतायत." मग पिशवी माझ्याकडून घेत म्हणाल्या, "बुधवारी तिची बैठक आहे. अठरावा विषय अजून वाचून झालेला नाही." आणि बसस्टॉपकडे निघाल्या.